गाडी तापवावी किती आणि कशी?



ज्या घराच्या खळ्यात मोटारसायकल किंवा स्कूटर उभी नाही, असे घर आज आपल्या सिंधुदुर्गात शोधावे लागते. कोणी मालवणच्या दांडीवर मासळी घेऊन पहाटेच आतल्या गावांकडे निघतो. कोणी दुधाचे कॅन डेअरीवर पोचवतो, कोणी चैत्र-वैशाखात आंब्याचे क्रेट मागे बांधून सडा ओलांडतो. कोणाची लेक स्कूटरवरून कुडाळच्या कॉलेजात जाते. रात्री-अपरात्री घरात कोणाला बरे वाटेनासे झाले, की दवाखान्याकडे हीच गाडी धावते. एके काळी दावणीच्या बैलजोडीवर घराचा जेवढा भरवसा असे, तेवढा आज या दोन चाकांवर आहे.

या गाडीची सकाळची पहिली पाच मिनिटे कशी जातात, ते कधी निरखून पाहिले आहे का? वाडीत दोन तऱ्हा दिसतात. एकजण किक मारतो, मूठ पिळून गाडीला दोनतीनदा जोराची रेस देतो आणि धूळ उडवीत निघून जातो. दुसरा गाडी सुरू करून पडवीत तशीच फडफडत ठेवतो आणि चहा प्यायला आत जातो. विचारले तर म्हणतो, "गाडी तापाक व्हयी." चहा होतो, पान होते, पिशवी सापडत नाही म्हणून शोधाशोध होते. तोवर दहा मिनिटे गाडी जागच्या जागी धूर सोडत असते.

पहिल्याला वाटते, तापवणे ही जुन्या लोकांची खुळी समजूत. दुसऱ्याला वाटते, जेवढी जास्त तापवू तेवढे इंजिन जास्त टिकेल. दोघांचेही चुकते. पहिल्याचे नुकसान इंजिनात होते, आणि दुसऱ्याचे इंजिनात, खिशात आणि कधी कधी घरातल्या माणसांच्या जिवावरही होऊ शकते. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

रात्रभर उभ्या गाडीत काय होते?

इंजिनाच्या पोटात ऑईल असते. गाडी चालू असताना ते सगळीकडे खेळते आणि धातूवर धातू घासू देत नाही. गाडी बंद करून रात्रभर ठेवली, की बहुतेक ऑईल निथळून तळाशी जाते. वरच्या भागांवर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतींवर आणि डोक्यातल्या व्हॉल्व्हजवळ, फक्त पातळसा थर उरतो. सकाळी किक मारल्यावर तळाचे ऑईल पुन्हा वर पोचायला काही सेकंद लागतात. त्या सेकंदांत जो मूठ पिळतो, तो अपुऱ्या वंगणावर इंजिन पळवतो.

दुसरी गोष्ट पिस्टनची. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो आणि जळत्या पेट्रोलचा ताप त्याला आधी लागतो. तो लवकर तापतो आणि लवकर फुगतो. त्याच्या भोवतीचा सिलिंडर मागाहून तापतो. थंड इंजिनावर एकदम जोर टाकला, तर पिस्टन फुगलेला आणि सिलिंडर अजून आखडलेला, अशी गाठ पडते. मग घासणूक वाढते, रिंगा झिजतात, ऑईल वर चढून जळू लागते आणि एक दिवस मिस्त्री सांगतो, "बोअर करावा लागेल." जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत तर अशा घाईने पिस्टन जागीच चिकटून बसत असे.

तेव्हा थंड इंजिनाला थोडा वेळ द्यावा, ही जुनी शिकवण खोटी नाही. प्रश्न आहे तो किती वेळ द्यायचा आणि कसा द्यायचा याचा.

उभ्याने तापवले तर काय बिघडते?

बैल गोठ्यातून सोडला, की त्याला कोणी लगेच दौडवीत नाही. पण जू मानेवर ठेवून अर्धा तास बांधावर उभाही करीत नाही. पहिली दोन तासे सावकाश धरली, की बैलाचे अंग आपोआप मोकळे होते. इंजिनाचेही तसेच आहे. ते कामाने तापते. नुसते फडफडत ठेवले तर काम नसते, म्हणून तापायला फार वेळ लागतो, आणि तो सगळा वेळ ते अर्धवट थंड राहते.

इंजिन अर्धवट थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही. ते थेंबांच्या रूपाने सिलिंडरच्या भिंतीला लागते आणि तिथला ऑईलचा थर धुऊन काढते. उरलेले खाली उतरून तळाच्या ऑईलमध्ये मिसळते आणि ते पातळ करते. म्हणजे वंगण मिळावे म्हणून तापवायचे, आणि तापवता तापवता वंगणच धुऊन टाकायचे, असा हा उलटा प्रकार होतो.

त्यात पाणी येते ते वेगळे. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापलेले असतील तर ही वाफ बाहेर निघून जाते. ते कोमट असतील तर तिचे पाणी होऊन सायलेन्सरच्या पोटात आणि थोडे ऑईलमध्ये साचते. आधीच आपल्याकडे खारी हवा, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. सायलेन्सर बाहेरून पुसून चकचकीत ठेवला, तरी आतून गंजून एक दिवस त्याला भोक पडते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. ऑईलचे झाकण उघडल्यावर आत ताकासारखा पांढुरका फेस दिसला, तर ऑईलमध्ये पाणी मिसळते आहे असे समजावे.

शिवाय खर्चाचा हिशेब करून पाहा. रोज पाच मिनिटे गाडी जागच्या जागी चालू ठेवली, तर वर्षाचे तीस तास होतात. तीस तास पेट्रोल जळते आणि गाडी एक हातही पुढे सरकत नाही. पेट्रोल बचतीसाठी १९७८ साली आपल्या देशात पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था स्थापन झाली, तिचाही सांगावा हाच, की उभी गाडी विनाकारण चालू ठेवू नये. जर्मनीसारख्या थंड देशात तर वाहतुकीच्या नियमांतच अशी मनाई आहे.

ही सवय आली कुठून?

जुन्या मंडळींना नावे ठेवण्याचे कारण नाही. त्यांच्या काळी गाड्याच तशा होत्या. १९५५ पासून मद्रासला बुलेट तयार होऊ लागली. पुढे राजदूत आणि म्हैसूरची येझदी आली. राजदूतला पेट्रोलमध्येच ऑईल मिसळून घालावे लागे. कार्बोरेटरला हवेतला गारवा कळत नसे, म्हणून चोक ओढून हवा कमी आणि पेट्रोल जास्त द्यायचे आणि इंजिन एका सुरात येईपर्यंत वाट पाहायची. नाहीतर पहिल्याच चढावर गाडी गचके खाऊन बंद पडे. तेव्हाची ती सवय शहाणपणाचीच होती.

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली आणि खेड्यापाड्यांत फोर-स्ट्रोक गाडी रुजली. तिचे ऑईल वेगळे राहते आणि पंपाने वर चढते. पुढे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस ६ हा प्रदूषणाचा नियम लागू झाला आणि नव्या गाड्यांमधून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. आता इंजिन किती गार आहे ते गाडीच ओळखते आणि त्या मानाने पेट्रोल सोडते. अशा गाडीला चोक नसतो. चावी फिरवल्यावर टाकीतला छोटा पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो, तेवढा गुणगुणू द्यावा आणि मग बटण दाबावे.

म्हणजे गाडी बदलली, पण सवय मात्र आजोबांच्या राजदूतचीच राहिली.

आपल्या हवेत किती वेळ?

ऑईलच्या डब्यावर १० डब्ल्यू ३० किंवा २० डब्ल्यू ५० असे आकडे असतात. पहिला आकडा थंडीतले ऑईल किती दाट ते सांगतो. तो जितका लहान, तितके ते गारठ्यात लवकर वाहते. लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा शून्याखाली उतरतो आणि ऑईल काकवीसारखे घट्ट होते. तिथल्या माणसाला गाडी तापवणे भाग आहे. आपल्या मालवण किनाऱ्यावर पौषातल्या पहाटेही पारा अठरा-वीस अंशांच्या खाली फारसा जात नाही. या हवेत आपले नेहमीचे ऑईल सहज वाहते. आंबोलीला गारठा थोडा अधिक असतो, पण तिथेही लेहचा हिशेब लागू नाही.

म्हणून आपल्याकडचा हिशेब सोपा आहे. नव्या, चोक नसलेल्या गाडीला अर्धा मिनिट पुरे. कार्बोरेटरच्या फोर-स्ट्रोक गाडीला अर्धा ते एक मिनिट द्यावा. जुनी बुलेट, राजदूत किंवा येझदी कोणी हौसेने सांभाळली असेल, तर तिला एक ते दोन मिनिटे द्यावीत. हेल्मेट घालून पट्टा लावावा, आरसा पुसावा, टायरमधल्या हवेवर नजर टाकावी, की तेवढा वेळ झालाच. खरे तापवणे त्यापुढच्या दोन किलोमीटरांत होते, गाडी सावकाश हाकून.

आपल्या मुलखात एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. देवबाग-तारकर्लीसारख्या सपाट किनाऱ्यावर पहिले दोन किलोमीटर सावकाश जाणे अवघड नाही. पण आपल्या कितीतरी वाड्या खाडीच्या काठाला किंवा व्हाळाच्या अंगाला खोलगट जागी आहेत. घराबाहेर पडले, की लगेच चढण लागते आणि पहिल्या गिअरमध्ये सड्यावर चढावे लागते. मागे दोन क्रेट किंवा दोन माणसे असली, तर थंड इंजिनावर सगळा भार एकदम येतो. अशा घरांनी अर्ध्या मिनिटाऐवजी एक-दीड मिनिट द्यावा. चढण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढावी. वरच्या गिअरमध्ये इंजिन गुदमरवू नये आणि मूठही पुरी पिळू नये. जमल्यास मागच्या माणसाने चढणीपुरते पायी यावे. बैलगाडीच्या काळी घाटीला आपण उतरत होतोच.

सावकाश निघण्याचा आणखी एक फायदा आहे. जागेवर तापवून फक्त इंजिन तापते. टायर, चाकांचे बेअरिंग, साखळी आणि ब्रेक तसेच थंड राहतात. पावसाळ्यात रात्रभर भिजलेला ब्रेक पहिल्या दाबाला नीट पकडत नाही. पहिल्या शंभर पावलांत दोन्ही ब्रेक हलकेच दाबून कोरडे करून घ्यावेत, मगच उतार धरावा.

चाकरमान्याची गाडी

पुष्कळ घरांत मुंबईच्या भावाची किंवा मुलाची गाडी असते. तो मे महिन्यात येतो, मग चतुर्थीला. मधल्या काळात गाडी पडवीत चादरीखाली उभी असते. घरच्यांना वाटते, बंद राहून बिघडेल, म्हणून दर आठ दिवसांनी ती पाच मिनिटे चालू करून बंद करतात. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. पाच मिनिटांत इंजिन पुरते तापत नाही. दर वेळी थोडे पाणी आणि थोडे पेट्रोल आत साचत राहते आणि बॅटरीही नीट भरत नाही.

याला दोनच मार्ग आहेत. एक तर पंधरवड्यातून एकदा परवाना असलेल्या माणसाने ती पंधरा-वीस मिनिटे रस्त्यावर चालवून आणावी. ते जमत नसेल तर मुळीच चालू करू नये, नीट बांधून ठेवावी. टाकी भरून ठेवावी, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते दमट हवेतले पाणी ओढते. टाकी भरलेली असली, की आत हवेला जागा राहत नाही. कार्बोरेटरच्या गाडीचा शेवटचा फेरा संपवताना पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि गाडी आपोआप थांबू द्यावी, म्हणजे कार्बोरेटरमध्ये जुने पेट्रोल साचून चिकट होत नाही. बॅटरीची तार मिस्त्रीकडून सोडवून ठेवावी.

चतुर्थीला गाडी काढताना घाई करू नये. उंदराने हवेच्या फिल्टरमध्ये किंवा सायलेन्सरच्या तोंडात घर केले नाही ना, तारा कुरतडल्या नाहीत ना, ते पाहावे. ऑईलची पातळी आणि टायरची हवा तपासावी. किक असेल तर चावी बंद ठेवून चार-पाच संथ किका माराव्यात, म्हणजे ऑईल जरा हलते. मग गाडी खळ्यात आणून सुरू करावी. सुरुवातीला पांढरी वाफ आणि पाण्याचे थेंब आले तर घाबरू नये. ते साचलेले पाणी आहे, थोड्या वेळाने थांबते. काळा धूर येत राहिला तर चोक ओढलेला राहिला आहे किंवा पेट्रोल जास्त जात आहे. निळसर धूर थांबतच नसेल, तर ऑईल जळते आहे आणि मिस्त्रीला दाखवले पाहिजे.

पडवीतला धूर

आता सर्वांत महत्त्वाचे. हा भाग घरातल्या आई-बहिणींनी अवश्य वाचावा, कारण गाडी तापत असताना आत त्या आणि लहान मुलेच असतात.

पावसाळ्यात पडवीला झड लागू नये म्हणून आपण पुढून झापे किंवा प्लास्टिक बांधतो. गाडीही भिजू नये म्हणून आतच उभी असते. अशा बंदिस्त जागी गाडी चालू ठेवली, की धुराबरोबर कार्बन मोनॉक्साईड नावाचा वायू कोंडतो आणि दारातून माजघरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलचा वास विरला म्हणजे धोका टळला, असे समजू नये. श्वासावाटे आत गेल्यावर हा वायू रक्ताला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूला जागा देत नाही. आधी डोके दुखते, मळमळते, चक्कर येते, अंग जड होते, झोप येते. झोपलेल्या माणसाला तर काही कळतच नाही. तान्ही मुले, गरोदर बायका आणि म्हातारी माणसे यांना धोका अधिक.

आणि इंजिन थंड असताना हा वायू जास्त निघतो. नव्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये धूर शुद्ध करणारे उपकरण असते, पण तेही पुरते तापल्याशिवाय काम करीत नाही. म्हणजे ज्या मिनिटांत आपण गाडी पडवीत तापवतो, तीच सर्वांत विषारी मिनिटे असतात.

म्हणून घरात एकच कायदा करावा. गाडी आधी ढकलून खळ्यात आणायची आणि सायलेन्सरचे तोंड घराकडे न ठेवता मग सुरू करायची. पाऊस कितीही असो, मिनिटभर भिजल्याने गाडीला काही होत नाही. हाच नियम बागेतल्या पेट्रोल पंपाला लावावा. तो विहिरीत उतरवून किंवा मांगरात दार लावून कधीही चालवू नये. कोणाला धुरामुळे भोवळ आली, तर त्याला ताबडतोब उघड्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. विहिरीत कोणी बेशुद्ध पडला असेल, तर आपणही तसेच आत उतरू नये. वाचवायला गेलेल्याचाही जीव जातो.

चालू गाडी एकटी सोडून आत जाण्यात आणखी एक संकट आहे. लहान पोर तिच्यावर चढते आणि मूठ पिळते. स्कूटरला गिअर नसल्याने ती जागची उसळी घेऊन पुढे जाते. तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजते ती निराळीच. तेव्हा गाडी सुरू केली, की चालवणाऱ्याने तिच्यापाशीच थांबावे.

रोजची पद्धत

१. चहा, पान, पिशवी, कागदपत्रे, सगळे आटोपून मग गाडीकडे जावे.

२. गाडी खळ्यात आणावी. न्यूट्रल पाहावा, साईड स्टँड वर करावा.

३. मूठ न पिळता सुरू करावी. चोक लागलाच तर इंजिन एका सुरात येताच परत लोटावा. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत तो सहसा लागतच नाही.

४. अर्धा ते एक मिनिट थांबावे. दारातच चढण असेल तर एक-दीड मिनिट. जागेवर रेस देऊ नये.

५. पहिले दोन किलोमीटर हलक्या हाताने जावे. गिअर वेळेवर बदलावेत.

६. रोज फक्त एक-दोन किलोमीटरचाच फेरा होत असेल, तर आठवड्यातून एकदा गाडी लांब चालवून चांगली तापू द्यावी आणि ऑईल पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या थोडे आधीच बदलावे.

७. ऑईल पुस्तिकेत सांगितलेलेच घालावे. पॉवर टिलरचे किंवा पंपाचे उरलेले ऑईल मोटारसायकलमध्ये ओतू नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो आणि भलत्या ऑईलने तो घसरू लागतो.

यात पैसा खर्च होण्यासारखे काही नाही. उलट दिवसाचे दोन घोट पेट्रोल वाचते, रिंगा आणि सायलेन्सर जास्त दिवस टिकतात आणि घरातली हवा स्वच्छ राहते. उद्या सकाळी खळ्यात गाडी काढाल, तेव्हा शेजारच्या तरुण मुलालाही हे सांगा. चढणीवर त्याचीही गाडी खणखणीत राहू दे, आणि पडवीआड झोपलेली त्याची आजी व तान्ही भाची सुखरूप राहू दे.